सासूबाईंच्या फोनवरचा संसार

लग्नानंतरच्या चार वर्षांत मी नवऱ्याशी जे काही बोलले ते सगळं सासूबाईंनी ऐकलेलं आहे. नवरा कॅनडात, आम्ही लातुरात. रोज सकाळी साडेसातला त्यांचा फोन यायचा, तोही सासूबाईंच्या मोबाईलवर. सासूबाई तो ओट्यावर डाळीच्या डब्याला टेकवून उभा करायच्या, स्पीकर चालू करायच्या आणि शेजारी स्टूल ओढून बसायच्या. आधी मायलेकाचं बोलणं, मग माझ्या मुलीचं, आणि सगळ्यात शेवटी सासूबाई म्हणायच्या, "घे, बोल तू." मी पोळ्या लाटता लाटता बोलायचे.

"जेवन झालं का?"

"न्हाई अजून. डबा करून राहिले पोरीचा. तुमचं?"

"झालं."

"थंडी हाय का तिकडं?"

"लई हाय."

"बरं."

झाला आमचा संसार. माझ्याकडं फोन नव्हता असं नाही. होता, चांगला होता, शाळेच्या ग्रुपवर मी दिवसातून दहा वेळा असायचे. पण त्यांनी मला कधी वेगळा फोन केला नाही आणि मीही त्यांना केला नाही. मला वाटायचं, त्यांना तशी गरज वाटत नसावी. आणि असं वाटायला कारण होतं. हा माणूस आधी माझा दीर होता.

माझा पहिला नवरा म्हणजे यांचा थोरला भाऊ. डाळमिलमध्ये सुपरवायझर होता. औसा रोडवर ट्रकनं त्याच्या गाडीला उडवलं तेव्हा आमची मुलगी तीन वर्षांची होती. त्यानंतरच्या दोन वर्षांबद्दल मी इथं लिहिणार नाही, मला ते जमत नाही. दोन वर्षांनी सासूबाईंनी माझ्या वडिलांना शिरूर अनंतपाळहून बोलावून घेतलं आणि माझ्यासमोरच विषय काढला. धाकट्याचं लग्न व्हायचं होतं. तो कॅनडात एका मशीन शॉपमध्ये कामाला होता, तिथं कायम राहायचा परवाना त्याला मिळालेला होता. सासूबाई म्हणाल्या, "हिनं दुसरीकडं घर केलं तर लेकरू कुनाचं? आन् ह्यानं तिकडचीच कुनी केली तर माझं कोन?" वडील रडले आणि हो म्हणाले. मीही हो म्हणाले. माझ्या होकारात प्रेम नव्हतं, भीती होती. हे मी आता सरळ लिहिते, कारण पुढं एका परक्या देशातल्या न्यायाधीशासमोर मला ते सरळ सांगावं लागलं.

दीर रजेवर आले तेव्हा गच्चीवर कपडे काढताना मला गाठून त्यांनी विचारलं, "वहिनी, तुमच्यावर कुनी जबरदस्ती तर न्हाई ना केली?"

मी म्हणाले, "न्हाई. तुमच्यावर?"

"न्हाई."

लग्नाआधी आम्ही दोघं एकमेकांशी एवढंच बोललो. त्यांनी माझ्या हातातली बादली घेतली आणि खाली नेऊन ठेवली.

आमच्याकडं विधवेचं दुसरं लग्न गाजावाजा करून करत नाहीत. जुनी माणसं त्याला पाट लावणं म्हणतात. मांडव नाही, बँड नाही, पत्रिका नाही, आणि फोटो तर नाहीच नाही. यात लपवाछपवी असते असं नाही. गेलेल्या माणसाचा मान राखायचा असतो. आम्ही माहूरला गेलो. देवीसमोर हार घातले. वडील, माझा भाऊ, सासूबाई, माझी मुलगी, पुजारी आणि आम्ही दोघं, अशी सात माणसं. रात्री भक्तनिवासात दोन खोल्या घेतल्या होत्या. एकीत मी, सासूबाई आणि मुलगी. दुसरीत माझे वडील, भाऊ आणि माझा नवरा. कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही, मलाही नाही. लातूरला परत आल्यावर नोंदणी केली आणि तिथं सहीपुरता म्हणून एक फोटो निघाला. त्यात आम्ही दोघं शेजारी उभे आहोत आणि मध्ये माझी मुलगी घुसलेली आहे.

पुढं मला आणि मुलीला तिकडं नेण्यासाठी अर्ज करायचा ठरलं. ट्यूशन क्लासेसच्या रस्त्यावर एक एजंट होता, त्याच्याकडून फॉर्म भरून घेतले. मुलीच्या रकान्यात नवऱ्यानं तिकडून भरून पाठवलं होतं: माझी मुलगी. नुसतं तेवढंच. सख्खी, सावत्र, दत्तक असे पर्याय होते, त्यातल्या पहिल्यावर खूण. एजंटानं पाहिलं नाही. मी पाहिलं, पण मला त्यात चूक दिसली नाही. आमच्या घरात तिला कुणी कधी सावत्र म्हटलंच नव्हतं. तो शब्द आमच्या डोक्यात आला नाही, एवढा साधा आणि एवढा महागात पडलेला मूर्खपणा आम्ही तिघांनी मिळून केला.

वर्षभरानं मुलाखतीला दिल्लीला बोलावलं. अधिकारी बाई सभ्य होत्या, मध्ये हिंदीत सांगणारा एक दुभाषी होता. लग्नाला किती लोक होते? सात. घरच्यांचा विरोध होता का? नाही. मग सातच का? लग्नाच्या रात्री कुठं राहिलात? माहूरला, भक्तनिवासात. दोघं? नाही, मी सासूबाईंजवळ होते. त्या बाईंनी लिहिता लिहिता मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

"नवरा तुम्हाला फोन करतो?"

"रोज," मी म्हणाले. ह्या एका प्रश्नाचं उत्तर तरी चांगलं आहे म्हणून मला हायसं वाटलं.

"तुमचा फोन दाखवा."

मी फोन दिला. त्यात माझ्या नवऱ्याचा एकही कॉल नव्हता. मी सासूबाईंच्या फोनचं सांगायला लागले, पण सांगताना माझं मलाच ते इतकं खोटं वाटायला लागलं की मी अर्ध्यातच थांबले.

नकाराचं पत्र दोन महिन्यांनी आलं. पती-पत्नीचं नातं असल्याचा पुरावा नाही. मुलीबद्दल दिलेली माहिती खरी नाही, जन्मदाखल्यावर वडील म्हणून दुसऱ्याच माणसाचं नाव आहे. देशात प्रवेश मिळवणं हाच लग्नाचा मुख्य हेतू दिसतो. एजंट म्हणाला, "टेन्शन नका घेऊ. नव्यानं टाकू. ह्या बारीला हॉल घ्या, मांडव घाला, दोनशे माणूस जमवा, फोटो-व्हिडिओ सगळं करू. साहेब लोकाला तेच लागतं." आणि मी लिहून ठेवते, आम्ही तयार झालो होतो. सासूबाईंनी हॉलची चौकशी केली. मी कपाटातून शालू काढून त्याच्या घड्या मोडल्या. पहिल्या लग्नातला शालू होता तो. मी तो अंगावर धरून आरशात पाहत होते आणि मला स्वतःची इतकी किळस आली की मी तिथंच खाली बसले.

गल्लीत तोवर सगळ्यांना कळलं होतं. समोरची बाई नळावर मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "कागदावरचा नवरा तो, कागदच फाटला." मुलगी नऊ वर्षांची झाली होती. तिनं विचारलं, "मम्मी, आपण खोटं बोललो का?" मी तिला नाही म्हणाले आणि रागावले. तिनं पुन्हा विचारलं नाही, आणि ते मला जास्त लागलं.

नवऱ्याचे फोन कमी झाले. साडेसात वाजायचे, डब्याला टेकवलेला फोन गप्प असायचा. सासूबाई स्टुलावर बसून असायच्या. मग एका सकाळी फोन आला आणि त्यांनी मुलीशीही न बोलता सांगितलं, "आई, तिला सांग, मी मोकळं करतो. कागद करून देतो. तिचं वय गेलं न्हाई अजून. किती दिस अशी ठिवायची तिला?"

मी तिथंच, दोन हातांच्या अंतरावर उभी होते. मला सांगायचं ते आईला सांगत होते. चार वर्षं मी मनाशी म्हणत आले होते की हे लग्न मुलीसाठी आहे, सासूबाईंसाठी आहे, रीत आहे. आणि हा माणूस सोडून देतो म्हणाला तेव्हा मला कळलं. मला तो हवा होता. कधीपासून ते मला माहीत नाही. मी गॅस बंद केला, बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि मोठमोठ्यानं रडले.

त्याच दिवशी मुलीच्या शाळेतल्या बाईंनी माझा चेहरा बघून विचारलं आणि नांदेडच्या एका वकीलबाईंचा पत्ता दिला. त्यांच्या बहिणीचं असंच काहीतरी अडकलेलं त्या वकीलबाईंनी सोडवलं होतं. अपिलाची मुदत संपायला तेव्हा नऊ दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मी निघाले. अहमदपूर, लोहा, नांदेड. सगळ्या वाटेत मी एकच हिशेब करत होते की मुदत गेली तर मी सासूबाईंच्या घरात कोण म्हणून राहायचं.

वकीलबाई साठीच्या आसपासच्या, नांदेडच्याच जुन्या मुस्लीम घराण्यातल्या. वजिराबादेत चष्म्याच्या दुकानावर त्यांचं ऑफिस. चहा मागवला, पत्र वाचलं, परत पहिल्यापासून वाचलं. मग चष्मा काढून म्हणाल्या, "देखो बाई, ह्या अफसराची काही गलती न्हाई. तुमी जे कागद दाखवले त्यावर मी पण नकारच दिला असता."

माझे डोळे भरले. एवढ्या लांब येऊन हे ऐकायचं होतं का?

"रडायचं नंतर. आधी एक सांग. तुला कॅनडाला जायचंय का त्याच्याकडं जायचंय?"

मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, ते लातूरला आले तरी चालतंय मला. डाळमिलमदी काम केलं तरी चालतंय. पन सोडू नका म्हनावं."

त्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मग एजंटाचा हॉलचा बेत ऐकला तेव्हा मात्र त्यांनी कपाळावर हात मारला. "फोटो काढला असता एक जरी, तर केस तिथंच खलास होती. जे झालंच न्हाई ते दाखवायचं न्हाई. जे झालं ते दाखवायला आपल्याला लाज वाटली, तीच आपली चूक हाय. आता सगळं दाखवायचं. म्हातारीला फोन घेऊन आण."

अपील नवऱ्यानं तिकडं करायचं होतं, आणि ते तर हात टेकून बसले होते. वकीलबाईंनी माझ्यासमोर त्यांना फोन लावला. स्वतःच्या फोनवरून, स्पीकर न लावता. मला फक्त वकीलबाईंच्या बाजूचं बोलणं ऐकू येत होतं. "बेटा, मोकळं करायची भाषा बंद. तुझी बायको लातूरहून उपाशी येऊन बसलीय माझ्यासमोर… न्हाई, ती तुला सांगणार न्हाई, मी सांगते… मी तिकडच्या कोर्टात उभी न्हाई राहू शकत. तुझ्या गावातली एक वकील हाय, मी तिच्यासंगं आधी काम केलंय. आजच्या आज तिच्याकडं जा. कायको म्हणून काय विचारतोस?" आठव्या दिवशी अपील दाखल झालं.

मग सात-आठ महिने आम्ही लातूर-नांदेड करत राहिलो. पहिल्या खेपेला सासूबाई येईनात. आपल्या फोनात वकीलबाईंना काय बघायचंय, असं म्हणत होत्या. मी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्याशी आवाज चढवून भांडले. म्हणाले, "तुमच्या फोनातच माझा नवरा हाय, आत्याबाई. माझ्या फोनात न्हाई." त्या तोंड फिरवून बसल्या. पण सकाळी लुगडं बदलून पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या.

सासूबाईंना लिहिता येत नाही, म्हणून मायलेकांचे दिवसभराचे निरोप आवाजात रेकॉर्ड करून जायचे-यायचे. ते कधी पुसलेले नव्हते, कारण पुसायचं कसं ते त्यांना माहीत नव्हतं. वकीलबाईंनी ते सगळे ऐकले, पहिल्यापासून शेवटपर्यंत, वही घेऊन. मीही तिथं बसून ऐकले. सुरुवातीचे निरोप ऐकून मला वाटलं की आता संपलंच. "आई, वहिनीला म्हणावं पोरीचं आधार कार्ड पाठवा." लग्न झाल्यावर तीन महिन्यांनीसुद्धा वहिनीच. मी म्हणाले, "मॅडम, हे काढून टाका. हे तिकडच्या साहेबांच्या हातात पडलं तर…"

"हेच तर पहिलं लावायचं हाय," त्या म्हणाल्या.

त्यांचं काम मला हळूहळू उमगत गेलं. पुढच्या निरोपांत वहिनी हा शब्द कमी झाला, तिच्या जागी 'ती' आली. "ती जेवली का?" मग, "तिचं डोकं दुखत होतं काल, आवाजावरून कळलं मला, दवाखान्यात ने तिला." मी तर त्या दिवशी फक्त 'बरं' म्हणाले होते. "आई, तुझ्या सुनेला निळा रंग चांगला दिसतो, तिला निळं स्वेटर घे." ते स्वेटर सासूबाईंनी मला आणून दिलं होतं, पण कुणी सांगितलंय ते सांगितलं नव्हतं. माझ्याकडून गेलेलेही निरोप होते, सासूबाईंच्या आवाजात: "तुझी बायको म्हनून राहिली, रात्रपाळी घिऊ नको, पाठ धरती." ऐकता ऐकता मी सासूबाईंकडं पाहिलं. त्या पदराशी चाळा करत बसल्या होत्या. मला त्यांचा संताप आला होता. माझ्या वाटणीचं किती काय त्या डब्याला टेकवलेल्या फोनातून पुढं सरकलंच नव्हतं.

आता मी त्यांना रोज माझ्या फोनवरून फोन करते, मी वकीलबाईंना म्हणाले. त्यांनी बोट वर केलं. "करायचा तर त्याच्याशी बोलायला कर. माझ्या फाइलीसाठी करू नको. पत्र आल्यावर अचानक रोजचे पन्नास कॉल दिसले तर ते लोक हसतील." मी मग केलाच नाही. इतक्या वर्षांनी स्वतःहून करायचा तर पहिलं वाक्य काय बोलायचं, हे मला सुचेना.

पाट लावण्याच्या रिवाजाबद्दल त्यांनी नांदेडच्या एका कॉलेजातल्या प्राध्यापकांकडून लिहून घेतलं. माझ्या माहेरच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बाईंचं प्रतिज्ञापत्र केलं, त्यांचंही दिराशीच लग्न झालेलं होतं आणि त्या लग्नाचाही एक फोटो नव्हता. मुलीच्या रकान्याबद्दल त्यांनी नवऱ्याला फोनवर खडसावलं. तू खोटं लिहिलंस. ते म्हणाले, खोटं नाही, ती माझीच आहे. रक्ताची? ते म्हणाले, नाही. "मग जसं हाय तसं लिहून पाठव," वकीलबाई म्हणाल्या, "चूक झाली हे आधी लिही, का झाली ते नंतर." त्यांनी पानभर लिहून पाठवलं. त्यात एक वाक्य होतं की भाऊ गेला तेव्हा मी तिकडून तीन दिवसांनी पोचलो, आणि दारात ती पळत येऊन मला पप्पा म्हणाली, कारण मी भावासारखा दिसतो, आणि मी तिला नाही म्हणू शकलो नाही. हे मला माहीत नव्हतं. त्या दिवसातलं मला काहीच आठवत नाही.

सुनावणी संध्याकाळी होती, तिकडं सकाळ. वकीलबाईंच्या ऑफिसात लॅपटॉपसमोर आधी मला बसवलं, सासूबाईंना आणि मुलीला खाली चष्म्याच्या दुकानात. साक्ष झाली नाही तोवर दुसऱ्याची ऐकायची नाही, असा नियम. पडद्यावर चार चौकटी होत्या. निर्णय देणारे गृहस्थ, सरकारी बाजूच्या वकीलबाई, मराठीतून सांगणारी दुभाषी, आणि एका चौकटीत तिकडच्या आमच्या वकिलाशेजारी माझा नवरा. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं होतं. ते बटण त्यांना गळ्याशी घट्ट होतं, आणि मला ते काढा म्हणावंसं वाटत होतं.

सरकारी वकिलांनी विचारलं, तुम्ही प्रेमापोटी लग्न केलंत का? मी नाही म्हणाले. दुभाषीनं मला दोनदा विचारून खात्री केली. मी म्हणाले, भीतीपोटी केलं. मग प्रेम केव्हा सुरू झालं? मी म्हणाले, ते मला सोडतो म्हणाले त्या सकाळी मला कळलं. पहिल्या नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला आहे का? मी म्हणाले, आहे. तुम्हाला नवऱ्यानं स्वतंत्रपणे कधीच फोन का केला नाही? मी खरं तेच सांगितलं, की मला माहीत नाही. आमच्या वकीलबाईंनी मला कुठलंच उत्तर शिकवलं नव्हतं आणि त्या क्षणी मला त्याचा फार राग आला.

माझं झाल्यावर मला तिथंच कोपऱ्यात बसायची परवानगी मिळाली. सासूबाई आल्या. लॅपटॉपला त्यांनी आधी हात जोडले. दुभाषी पुण्याकडची असावी, सासूबाईंचं बोलणं तिला पुन्हा पुन्हा विचारावं लागत होतं.

तोच प्रश्न त्यांनाही आला. मुलगा बायकोला तिच्या फोनवर फोन का करत नव्हता?

सासूबाईंनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "मीच सांगितलं व्हतं त्याला. करू नको म्हनून."

का?

"थोरला गेला माझा. सकाळी डबा घिऊन गेला, दुपारी कपड्यात गुंडाळून आनला. धाकट्याचा आवाज रोज माझ्या कानावर पडाया पायजे व्हता. बायकोला येगळा फोन केला असता, तर माझ्याशी किती बोलला असता तो? तो पयल्या महिन्यात म्हनला मला, आई, तिच्याशी जरा येगळं बोलू का. मी जेवले न्हाई दोन दिवस. मग त्यानं इषय काढला न्हाई." दुभाषी थांबली होती. सासूबाईंनी तिच्यासाठी पुन्हा हळू, तुकडे करून सांगितलं. "ह्या दोघाला बोलू दिलं न्हाई मी. चूक माझी हाय. त्या लेकराची सजा कशाला करता?"

पडद्यावर माझ्या नवऱ्यानं मान खाली घातली होती. चार वर्षं मी समजत होते की त्यांना गरज वाटत नाही. पहिल्याच महिन्यात त्यांनी विचारलं होतं. मला कुठं बघावं कळेना, मी भिंतीकडं बघत बसले.

सरकारी वकिलांचा आवाज नंतर बदलला. त्यांनी विचारलं, ह्या दोघी इकडे आल्या तर तुमच्याजवळ कोण राहील?

"कोनी न्हाई."

मग तुम्ही ही साक्ष का देत आहात?

"मंग काय करू? खोटं बोलू का आता?"

दहा मिनिटांची सुट्टी झाली. मग ते गृहस्थ परत आले आणि कागदावरून वाचत गेले. दुभाषी मागून मराठीत सांगत होती. विवाह अपारंपरिक वाटला तरी तो त्या समाजाच्या रीतीनुसारच झाला आहे. मुलीबाबतची चूक फसवण्यासाठी केलेली नाही. अपील मान्य. वकीलबाईंनी माझ्या पाठीवर जोरात थाप मारली तेव्हा मला कळलं की झालं. पडद्यावर ते रडत होते. मला 'अहो' एवढंच म्हणता आलं, आणि तेवढ्यात चौकट बंद झाली.

मुलगी वर पळत आली. वकीलबाईंनी तिच्यासाठी पेढे काढून ठेवले होते, म्हणजे त्यांना खात्री होती. मग त्या सासूबाईंजवळ बसल्या, त्यांचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "आजी, रडू नका. हे लोक तिकडं स्थिर झाले की तुमचा पण अर्ज करू. टाइम लागेल, पण करून देते मी. माझी जबान हाय."

"मला नको," सासूबाई म्हणाल्या.

"कामून? थंडीला भिता का?"

"थंडीचं काय न्हाई, वकीलबाई. माझं थोरलं हितं जळलंय. समदेच गेलो तर त्याच्यापाशी कोन ऱ्हाईल?"

मुलगी पेढा हातात धरून माझ्याकडं बघत होती. तो माझाही नवरा होता, पाच वर्षं होता. दिवसभरात त्याच्याबद्दल मला एकच प्रश्न विचारला गेला होता, मृत्यूचा दाखला आहे का, आणि मी आहे म्हणाले होते.